एक उजवं वळण

मला आयुष्यात फार काही नको होतं. एक उजवं वळण हवं होतं, तेही नव्वद अंशांचं. आमच्या काउंटीतल्या लोकांचं म्हणणं असं आहे की, मी बंबखान्याची शर्यत बुडवली, मिस ओलेथाच्या घेवड्याची वाट लावली आणि एका पाद्रीबुवांना विनाकारण स्मशानात पाठवलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण माझा हेतू काय होता हे कोणी विचारत नाही, म्हणून मी आपण होऊनच सांगतो.

आमच्याकडे शर्यत म्हणजे रिंगण. लंबगोल रिंगणात चाळीस गाड्या सोडायच्या आणि त्यांनी डावीकडे वळत राहायचं. शनिवारी मातीच्या रिंगणात, रविवारी टीव्हीवरच्या डांबरी रिंगणात. कधी दोनशे फेऱ्या, कधी पाचशे, आणि प्रत्येक फेरीत डावीकडेच. इथली पोरं 'आई' म्हणायच्या आधी आवडत्या गाडीचा नंबर म्हणतात. दोन घरांत सोयरीक जुळवताना मुलगा कुठल्या चर्चला जातो हे नंतर विचारतात, कुठल्या गाडीचा चाहता आहे हे आधी. अशा गावात मी, वेंडेल अ‍ॅब्शर, वय वर्षं सहासष्ट, काउंटीच्या जमीन-नकाशा कचेरीतून सेवानिवृत्त, वळणावळणाच्या रस्त्यांवरच्या शर्यतींचा एकमेव शौकीन आहे. एकमेव हा शब्द मी मोजून वापरतो आहे. नकाशावाल्याला मोजायची सवय असते.

हा रोग मला जर्मनीत लागला. पलटणीत असताना दोन वर्षं तिकडे होतो. एका रविवारी बरॅकमधल्या तिघांबरोबर शर्यत बघायला गेलो. जंगल, रिपरिप पाऊस, आम्ही एका वळणाशी उभे. गाड्या आल्या, उजवीकडे वळल्या आणि झाडांत नाहीशा झाल्या. मग आठ मिनिटं काहीच नाही. बाकीचे तिघे शिव्या देत बिअर शोधायला गेले. मी थांबलो. थोड्या वेळानं लांबून, टेकडीच्या पलीकडून, तो आवाज परत यायला लागला आणि माझ्या छातीत असं काहीतरी झालं की तसं पुढे लग्नाच्या दिवशीसुद्धा झालं नाही. ही गोष्ट मी व्हर्नाला कधी सांगितली नाही.

व्हर्ना, माझी बायको, रिंगणवाल्यांच्या घरातली. तिचे तीन भाऊ आणि त्यांची कुटुंबं दर रविवारी आमच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीसमोर बसायची. मी आतल्या खोलीत छोट्या टीव्हीवर माझी शर्यत बघायचो, आवाज बारीक करून. अर्ध्या शर्यतीत व्हर्ना ताटली घेऊन आत यायची आणि विचारायची, "काय म्हणतायत तुमची माणसं? सापडला का रस्ता?" हा विनोद तिने एकतीस वर्षं केला आणि मी एकतीस वर्षं तोंड वाकडं केलं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती गेली. तिचे भाऊ आता रविवारी दुसरीकडे बसतात. हॉल मोकळा आहे, मोठा टीव्ही मोकळा आहे, आवाज कितीही वाढवावा. मी अजून आतल्या खोलीतच बघतो, आवाज बारीक करूनच. याचं कारण मला सांगता येत नाही.

आता मुद्द्याकडे. आमच्याकडे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी स्वयंसेवक बंबवाल्यांच्या मदतीसाठी गवत कापायच्या गाड्यांची शर्यत असते. हसू नका. खाली बसून चालवायची ती छोटी गाडी, तिची पाती काढून टाकायची, इंजिनात नको ते उद्योग करायचे आणि बंबखान्यामागच्या कुरणात पळवायची. अर्थात रिंगणात, अर्थात डावीकडे. चार वर्षं माझा शेजारी हॉइट यौन्स जिंकत आला आहे. हॉइट गॅरेजवाला, अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा, आणि आपण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याजवळ नेहमी तयार असतात.

यंदा विघ्न आलं ते संडासाच्या रूपानं. बंबखान्याला नवीन संडास बांधला होता आणि त्याच्या शोषखड्ड्याचे पाइप कुरणाच्या ज्या टोकाखालून गेले, ते रिंगणाचं तिसरं वळण होतं. काउंटीचा आरोग्य-निरीक्षक आला, त्याने छोट्या झेंड्यांनी ती जागा आखली आणि सांगितलं, "यावरून चाकाची वस्तू न्यायची नाही. ढकलगाडीसुद्धा नाही." मग बंबखान्यात तातडीची सभा बसली. बंबप्रमुख गार्लंड प्रेस्नेल डोक्याला हात लावून बसला होता. रिंगणाला एक टोक नसेल तर ते रिंगण नव्हे, इतकी भूमिती सगळ्यांना येत होती.

मी उभा राहिलो. घरून नकाशा काढूनच नेला होता, तीन रंगांत. "मंडळी," म्हटलं, "कुरणाच्या फाटकातून गाड्या बाहेर जुन्या गिरणी रस्त्यावर काढायच्या. तिथे मिस ओलेथाच्या बागेसमोर एक उजवं वळण. पुढे दोन डावी. की परत कुरणात. शोषखड्डा सुखरूप."

सगळ्यांनी आधी नकाशाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"उजवं?" गार्लंडनं विचारलं.

"एकच," मी म्हटलं.

हॉइट उठला. "वेंडेल, तू शेजारी आहेस म्हणून गोडीत सांगतो. लोक रिंगण का बघतात? एका जागी बसलं की सगळं दिसतं. पहिला कोण, शेवटचा कोण, कोणी कोणाला कुठे ढोसलं, सगळं. सँडविच खाता खाता दिसतं. तुझ्या त्या शर्यतीत गाडी येते, फुर्र करून जाते, मग दोन मिनिटं माणसानं काय बघायचं? झाडं?"

"वाट बघायची," मी म्हटलं. "त्यातच तर मजा आहे."

सभा इतकी हसली की कोणाच्या तरी हातातला गोड चहा माझ्या नकाशावर सांडला.

"मी एकदा गेलो होतो व्हर्जिनियात तसली शर्यत बघायला," हॉइट पुढे म्हणाला. "बघणाऱ्यांपेक्षा रुग्णवाहिका जास्त होत्या. शेवटी कोण जिंकला हे मला घरी येऊन पेपरात वाचावं लागलं!"

मी शांतपणे इतिहास काढला. म्हटलं, "आपल्या आजोबांनी चोरट्या दारूच्या गाड्या याच डोंगरांतून पळवल्या. त्यातूनच तुमचं हे सगळं सुरू झालं ना? ते दोन्हीकडे वळत होते. नुसते डावीकडे वळत राहिले असते तर फिरून पोलिसांच्याच दारात आले असते."

हा मुद्दा बिनतोड होता असं मला अजूनही वाटतं. तो कोणीच ऐकला नाही, कारण तेवढ्यात केक आला. पण दुसरा मार्गच नसल्यामुळे माझं वळण मंजूर झालं. त्याच्या परवानग्या काढायचं काम एकमतानं माझ्यावर आलं.

पहिली परवानगी मिस ओलेथा मिंटनची. वय ब्याऐंशी, जुन्या गिरणी रस्त्यावर आता त्यांचं एकच घर उरलं आहे. नवा हमरस्ता झाल्यापासून तिकडून कोणी जात नाही. मी समजावून सांगायला दोन पानं टिपणं नेली होती. त्यांनी ओसरीवरूनच ऐकलं, पहिलंच पान उलटायच्या आत म्हणाल्या, "वळू दे की," आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा आणला. मग तास-दीड तास मला जाऊ दिलं नाही. मला काम होतं, म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो. ते आठवलं की आता लाज वाटते.

दुसरी परवानगी रस्ता बंद करण्याची, ती काउंटीच्या कचेरीतून. खिडकीतल्या बाईंच्या छापील फॉर्मवर तीनच कारणं होती: मिरवणूक, चित्रीकरण, अंत्ययात्रा. शर्यत नव्हतीच. मिरवणुकीला सहा आठवडे आधी अर्ज लागतो. चित्रीकरणाला राजधानीतून पत्र लागतं. अंत्ययात्रेला काहीच लागत नाही, कारण मेलेल्या माणसाला सहा आठवडे थांबवता येत नाही.

बाईंनी विचारलं, "गाड्या एकामागोमाग एक जाणार?"

"हो."

"हळू?"

"गवत कापायच्या गाड्या आहेत हो बाई."

"मग ही अंत्ययात्राच की," असं म्हणून त्यांनी खूण केली आणि शिक्का मारला. चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसानं शिक्क्याशी वाद घालायचा नसतो. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

गुरुवारी आमचं साप्ताहिक येतं. त्यात 'बंद रस्ते' या सदरात छापून आलं: 'जुना गिरणी रस्ता, शनिवार, दहा ते दोन. कारण: अंत्ययात्रा. अर्जदार: डब्ल्यू. अ‍ॅब्शर.' आता कोणी म्हणेल, माणूस स्वतःच्या अंत्ययात्रेचा अर्ज स्वतः कसा देईल? पण मला ओळखणाऱ्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. मी सगळेच अर्ज मुदतीआधी देत आलो आहे.

दुपारी दाराची घंटा वाजली. चर्चच्या गायनवृंदातल्या दोघी दारात, एकीच्या हातात चिकन कॅसरोलचं, ओव्हनमधून नुकतंच काढलेलं भांडं, दुसरीच्या हातात रुमाल. आमच्याकडे घरात कोणी गेलं की तास-दोन तासांत अन्न यायला लागतं. दार मी उघडलं.

"अगं बाई," रुमालवाली म्हणाली. "वेंडेल, तुम्ही आहात?"

"आहे."

"मग गेलं कोण?"

"कोणीच नाही. शर्यत आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कॅसरोलवालीचा चेहरा जरा पडलाच. बाई दोन तास ओव्हनपाशी उभी होती. तिला आत बोलावणं भाग होतं. त्यांच्यामागे आणखी आले. पाच वाजेपर्यंत चार कॅसरोल, एक हॅम, दोन केळ्यांची पुडिंग आणि एकोणीस माणसं जमली. मी प्रत्येकाला दारातच खुलासा करत होतो आणि प्रत्येकजण म्हणत होता, "बरं, आता आलोच आहोत तर टेकतो." खुर्च्या पुरेनात. व्हर्नाच्या बटाट्याच्या सॅलडची आठवण निघाली, तिच्या हसण्याची निघाली. तिच्या भावाची बायको म्हणाली, "तुम्हाला कितीदा बोलवीन म्हटलं, पण वाटलं, तुम्हाला आपलं एकटं बरं वाटतं." मी म्हटलं, "हो, तसं बरंच वाटतं." असं का म्हणालो कोण जाणे!

सहाला सगळे उठले. एकजण हॅम परत घेऊन गेला, कारण काउंटीच्या दुसऱ्या टोकाला खरोखरच कोणी वारलं होतं. मी सगळ्या ताटल्या धुतल्या, पुसल्या, कोणाची कुठली त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. मग धुवायला काहीच उरलं नाही. माणूस मेल्यावर एवढे लोक येणारच असतात, तर त्यातले दोन-तीन आगाऊ का मिळू नयेत, असं मला फार वाटलं. हे बोलायला कोणी नव्हतं.

शनिवार उजाडला. मी सहालाच वळणाशी हजर झालो. अंत्यविधीवाल्यांकडून बारा घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. त्यांनाही आधी खुलासा करावा लागला. त्या वळणाच्या बाहेरच्या कडेला, मिस ओलेथाच्या कुंपणालगत उतारावर, अशा कोनात मांडल्या की गाडी फाटकातून दिसू लागल्यापासून वळून जाईपर्यंत नजरेत राहावी. धोक्याचा पिवळा झेंडा, मागच्याला वाट द्या म्हणणारा निळा झेंडा, पाण्याचा जार. कुरणाकडे माणसं जमायला लागली. तीनशेच्या वर असतील. बार्बेक्यूचा धूर, गार्लंडचा कर्णा, लोकांनी ट्रकच्या मागच्या फळ्यांवर ठोकलेली बैठक. माझ्या बारा खुर्च्यांपैकी एक वापरात आली. तिच्यावर मी जार ठेवला.

गार्लंड एकदा आला. "इथून काय दिसतं रे?"

"वळण दिसतं."

"आणि बाकीची शर्यत?"

"ती ऐकायची."

"बरं," असं म्हणून तो गेला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आजाऱ्याच्या ठेवतात तसा.

दहाला तेरा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी नकाशात नव्हती. ही मंडळी वर्षानुवर्षं गाड्या डावीकडे वळण्यासाठीच बनवत आली होती. उजवं चाक मोठं, डावं लहान, बैठक डावीकडे सरकवलेली. हॉइटनं तर सुकाणूखाली लोखंडी खुंटी वेल्डिंग करून बसवली होती, म्हणजे धक्क्यानं चाक उजवीकडे फिरूच नये. बाकीच्यांनी त्याचं बघून तसंच केलं होतं. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. माझं घर हॉइटच्या उजव्या अंगाला आहे आणि त्या गाडीवरून माझ्याकडे यायचं असलं की तो तीनदा डावीकडे वळून येतो. दहा वर्षं मी ते खिडकीतून बघत होतो आणि मला वाटत होतं, माणूस लहरी आहे.

त्यांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. रस्ता आदल्या दिवशी बंद नव्हता, त्यामुळे सराव झाला नव्हता. सगळे वळण बघायला आले ते पायी, आणि पायी सगळ्यांना उजवीकडे वळता येतं.

पुढचं शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, डेप्युटीमुळे झालं. आमच्या काउंटीत प्रत्येक अंत्ययात्रेपुढे शेरीफची एक गाडी असते. ती आली होती. डेप्युटी तरुण, नेमणूक नवी. त्याला मी, मग गार्लंडनं, मग हॉइटनं सांगितलं की ही शर्यत आहे, तू फक्त पहिली फेरी पुढे राहा. तो "होय साहेब" म्हणत होता, पण त्याची नजर हातातल्या कागदावर होती. मला ती नजर ओळखीची वाटायला हवी होती, कारण चाळीस वर्षं माझीच तशी होती.

शिट्टी झाली. डेप्युटीची गाडी दिवे लावून फाटकातून निघाली, मागे तेरा गाड्या. मी झेंडा छातीशी धरून उभा. आवाज जवळ आला. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. या मातीत, या माणसांच्या गाड्या उजवीकडे वळणार होत्या.

डेप्युटी वळला. हॉइटनं सुकाणू उजवीकडे ओढलं. खुंटी कण्ण्‌ वाजली. हॉइट सरळ गेला. मिस ओलेथाचं कुंपण, मग घेवड्याच्या वेलांच्या काठ्यांची पहिली रांग, दुसरी, तिसरी, आणि चौथीत थांबला, डोक्यावर शेंगांसकट. बाकीचे रिंगणवाले. पुढच्याच्या शेपटीला नाक लावून जायचं हे लहानपणापासूनचं शिक्षण. दहा गाड्या ओळीनं त्याच्यामागे घेवड्यात गेल्या. एकीने माझा जार नेला.

"वेंडेल!" हॉइट वेलांतून ओरडला. "हा रस्ता कुठे गेला रे?"

पण मला दुसरीकडे बघावं लागत होतं. दोनच गाड्या वळल्या होत्या. एक मेथडिस्ट चर्चची, तिच्यावर रेव्हरंड लव्हेल, आणि दुसरी त्यांच्या खजिनदाराची. त्यांच्या गाड्या खरोखरच गवत कापायच्या होत्या, म्हणून दोन्हीकडे वळत होत्या. ते डेप्युटीच्या मागे सरळ गेले. पुढच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. डेप्युटी वळला नाही. अंत्ययात्रा जिथे जाते तिथे तो निघाला होता.

हमरस्त्यावर जे झालं ते मी नंतर ऐकलं. आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की समोरून येणाऱ्या गाड्यासुद्धा कडेला थांबतात. त्या दिवशी दोन मैल गाड्या कडेला थांबल्या. माणसांनी टोप्या काढल्या. एका ट्रकवाल्यानं उतरून छातीवर हात ठेवला. मधून ताशी सात मैलांनी दिवे लावलेली शेरीफची गाडी आणि तिच्यामागे गवत कापायच्या दोन गाड्यांवर हेल्मेट घातलेले पाद्री आणि खजिनदार. रेव्हरंड सांगतात की, परत फिरावं असं त्यांना वाटत होतं, पण एवढे लोक टोप्या काढून उभे असताना ते बरं दिसलं नसतं. स्मशानाच्या फाटकाशी पोचल्यावर डेप्युटीनं खाली उतरून विचारलं, "घरची मंडळी कुठायत?" रेव्हरंड चार वाजता परत आले.

इकडे घेवड्यातून गाड्या ओढून काढणं चाललं होतं. कोणी माझ्याशी भांडलं नाही. त्याचंच जास्त लागलं. हॉइटनं कानातली शेंग काढली आणि म्हणाला, "जाऊ दे रे वेंडेल, तुझ्या मनात वाईट नव्हतं." सगळे गाड्या ढकलत कुरणाकडे गेले. जाताना गार्लंड म्हणाला, "दहा मिनिटांत परत सुरू करतो. तू तुझ्या जागेवर थांब." मी थांबलो. कुंपणाच्या काठ्या उभ्या केल्या, रस्त्यावरची माती झाडली, खुर्च्या सरळ केल्या. त्यांनी खुंट्या काढल्या असणार, असं मी धरून चाललो होतो.

शिट्टी ऐकू आली. इंजिनं सुरू झाली. मी पिवळा झेंडा गुंडाळून निळा हातात घेतला. आवाज फाटकाकडे आला, मोठा झाला, आता येणार, आणि परत लांब गेला. मला वाटलं, सराव फेरी असेल. परत आला, परत गेला. चौथ्यांदा मला कळलं. आवाजावरून शर्यत वाचायला मी चाळीस वर्षं शिकलो होतो. ते रिंगणात फिरत होते. शोषखड्ड्यावरून. (शोषखड्ड्याचं पुढे काय झालं ते काउंटीच्या फाइलीत तीन पानांत आहे, त्याचं वर्णन मी करणार नाही.) माझं वळण त्यांनी काढून टाकलं होतं आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. मुद्दाम नाही. विसरले.

मी खाली बसलो. उठून तिकडे जाता आलं असतं, शंभर पावलांवर तर होतं. बार्बेक्यू होतं, माणसं होती. पण तिथे जाऊन रिंगण बघत उभं राहायची ताकद अंगात नव्हती, आणि घरी जायची त्याहून नव्हती. झेंडा मांडीवर घेऊन मी रस्त्याकडे बघत राहिलो.

मागून काठीचा आवाज आला. मिस ओलेथा तुडवलेल्या घेवड्यातून वाट काढत आल्या. मी ताडकन उभा राहिलो.

"मिस ओलेथा, मी सगळं भरून देतो. वेल, काठ्या, कुंपण..."

"बस खाली. मान दुखते वर बघून." त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. जरा दम घेतला. "येत नाहीत ना आता ते?"

"नाही."

"मला वाटलंच." त्यांनी एप्रनमध्ये वाचलेल्या शेंगा गोळा केल्या होत्या. त्या तिथेच मोडायला लागल्या. "चार वर्षं झाली हा रस्ता पडून. तो टपालवाला येतो, तो पेटीत टाकून जातो, बघतसुद्धा नाही. आज सकाळी अकरा माणसं माझ्या बागेत. शिव्या देत होती, पण होती. त्या आडव्या माणसानं मला 'मॅडम, सॉरी' म्हटलं. मी म्हटलं, ये बाबा, चहा घे. तर त्याला घाई." त्या हसल्या. मग हसणं थांबलं. "तू परवा आलास ना, ती दोन पानं घेऊन. तू सारखा घड्याळ बघत होतास. मला दिसत होतं. तरी मी चहा ओतत राहिले."

"मला माफ करा," एवढंच म्हणालो.

"त्यात माफ काय करायचं. सांग मला. ते आले असते तर काय दिसलं असतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. आधी काहीच नसतं, म्हटलं. नुसता रस्ता. मग लांबून बारीक आवाज, आहे की नाही असा. मग तो झाडांआड जातो, आपल्याला वाटतं गेला. मग एकदम जवळ, आणि फाटकातून पहिला दिसतो, आणि तो वळतो, तेव्हा बाहेरच्या चाकांवर सगळं वजन येतं, आणि क्षणभर वाटतं की याचं काही खरं नाही, आणि तो जातो. मी हातांनी दाखवत होतो, झेंड्यानं दाखवत होतो. जर्मनीतलं जंगल सांगितलं, पाऊस सांगितला. छातीत काय झालं होतं तेही सांगून टाकलं.

"मला यातलं काही कळत नाही," मिस ओलेथा शेंग मोडत म्हणाल्या. "पण तू बोल."

मी बोलत राहिलो. पलीकडे कुरणात आवाज टिपेला गेला, तीनशे माणसं एकदम ओरडली, कर्णा वाजला, ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. शेंगा मोडणारे हात थांबले.

"कोण जिंकलं रे?"

"इथून दिसत नाही, मिस ओलेथा."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली. "आपण धरून चालू, अजून संपलीच नाही."